मिस्टर पाल यांची चूक

किस्से काही ठरवून जमत नाहीत हो. घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखं असतं त्यांचं. एकीत दुसरी कोंबत जायची, आणि एक दिवस ओट्याखालचं दार उघडलं की सगळ्या अंगावर! आमच्या बँकेतले किस्से असेच साठलेत. पूर्वी आम्ही चौघं जमायचो. आता तिघं जमतो आणि चौथ्याला पुण्याला फोन लावून स्पीकरवर ठेवतो. तो उचलल्या उचलल्या "हॅलो" म्हणत नाही. म्हणतो, "बोला! हा कॉल रेकॉर्ड होत नाहीये!"

आम्ही हसतो. पण खरं सांगते, हसायच्या आधी मी अजूनही एकदा फोनकडे बघून घेते.

* * *

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं डोंबल कळणार नाही. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत, अतिरेक्यांचा पैसा आपल्यातून जाईल म्हणून बँका जाम घाबरलेल्या होत्या. आमचं ऑफिस लंडनमध्ये हाउन्सलोला, विमानं अगदी डोक्यावरून जातात त्या पट्ट्यात. परदेशी जाणारं प्रत्येक पेमेंट तिथे एक सॉफ्टवेअर चाळायचं. एखादं नाव, एखादं गाव, एखादा शब्द संशयितांच्या लिस्टशी जुळला की पेमेंट थांबवायचं आणि आमच्या स्क्रीनवर आणून टाकायचं. मग आम्ही माणसांनी बघायचं, सोडायचं की अडवायचं.

मी सांगलीची, वरच्या मजल्यावर. मिलिंद सप्रे पुण्याचा, खालच्या मजल्यावर. दोघंही वर्क परमिटवर. म्हणजे बँकेने काढलं की देशानेही काढलंच समजा. आमच्या दोघांच्या डोक्यावर ग्रॅहम नावाचा मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट 'लिस्टवर आहे की नाही' एवढंच कळायचं.

एकदा केंब्रिजच्या कुणा रिसर्चवाल्याने दिवाळीला भावाला पैसे पाठवले आणि खाली प्रेमाने टीप लिहिली, 'पोरांना लक्ष्मी बॉम्ब आणि सुतळी बॉम्ब'. आता बोला! सॉफ्टवेअरला घेरीच आली. ग्रॅहम पांढराफटक होऊन मिलिंदच्या टेबलाशी गेला.

"हू इज लक्ष्मी?"

"गॉडेस ऑफ वेल्थ, ग्रॅहम."

ग्रॅहमने आवंढा गिळला. "ॲन्ड शी हॅज अ बॉम्ब?"

मिलिंदने त्याला फटाका म्हणजे काय ते कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा कुठे त्या पोरांची दिवाळी झाली. पण तो चित्राचा कागद ग्रॅहमने घडी घालून खिशात ठेवला बरं का. तेव्हापासून तो आमच्याकडे जरा लांबूनच बघायचा.

* * *

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? अहो, ते दिवसच तसले होते. ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, सावळ्या माणसाच्या पाठीवर सॅक दिसली की शेजारची बाई पुढच्या स्टेशनला उतरून दुसऱ्या डब्यात जायची.

मिलिंदची बायको मेघना नुकतीच बाळाला घेऊन आली होती. तिला इथला कुकर पटेना. म्हणून कुणीतरी पुण्याहून आणलेला कुकर घ्यायला हा पठ्ठ्या लंडनच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तो सॅकमध्ये घालून, वर रिकामी जागा राहिली म्हणून बाळाचे डायपर कोंबून, पिकॅडिली लाइनने परत निघाला. सॅक अशी गोल फुगलेली! हाउन्सलोला उतरला तर समोर दोन पोलीस.

"व्हॉट इज इन द बॅग, सर?"

"प्रेशर कुकर."

पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. "ॲन्ड व्हॉट हॅपन्स व्हेन द प्रेशर बिल्ड्स अप?"

मिलिंद खरं तेच बोलला. "इट व्हिसल्स, सर. थ्री टाइम्स. देन डाळ इज रेडी!"

पोलीस हसले, सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने हे आम्हाला कँटीनमध्ये अभिनयासकट सांगितलं. आम्ही पोट धरधरून हसलो.  त्यानंतर मात्र तो ऑफिसला सॅक सोडून कापडी पिशवी घेऊन यायला लागला.

* * *

या सगळ्यात आमचा एकच विसावा होता, मराठी. मनातलं काही बोलायचं असलं की मराठीत बोलायचं. ग्रॅहम शेजारी उभा राहिला तरी त्याला काय कळतंय! बँकेचे फोन रेकॉर्ड व्हायचे, पण आम्ही बिनधास्त होतो. मराठी म्हणजे आमची तिजोरी, किल्ली फक्त आमच्याकडे.

एके दिवशी खालून मिलिंदचा फोन आला. ते संभाषण मला पाठ आहे. पुढे ते इतक्यांदा ऐकावं लागलं की सांगता सोय नाही!

"कल्याणी, एक पेमेंट बघतेस का गं? शाळेला देणगी म्हणून चाललंय. लिस्टवर काही नाही. पण हे पैसे काही शाळेला जात नाहीयेत."

"कशावरून?"

"कशावरून असं नाही सांगता येणार. माझ्या मनात पाल चुकचुकली."

"कृष्ण कृष्ण!" मी म्हटलं, आणि टेबलावर बोटाने टकटक केलं. आमच्या आईची सवय. पाल चुकचुकली की बोट वाजवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. मग ती पाल भिंतीवरची असो की मनातली.

आता आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घोकून शिकवलं होतं. शंका आली तर वरिष्ठाला सांगा. शंका येऊन गप्प बसलात, तर तुरुंग! मिलिंद लगेच जिना चढून वर आला. ग्रॅहमची काचेची खोली माझ्या समोरच होती, दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

ग्रॅहमने विचारलं, "हॅव यू गॉट समथिंग, मिलिंद? ऑर इज इट जस्ट अ फीलिंग?"

"अ फीलिंग," मिलिंद म्हणाला.

"वी डोन्ट स्टॉप मनी ऑन अ फीलिंग."

झालं. पैसे गेले. यातलं कुणी काही लिहून ठेवलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलंय असं तेव्हा कुणाला वाटलंही नाही.

* * *

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका लांबच्या देशात, पर्यटक जातात अशा एका बाजारात स्फोट झाला. गेलेल्यांत इथलीही माणसं होती. त्यांच्या घरच्यांनी लंडनच्या कोर्टात आमच्या बँकेवर दावा लावला. म्हणणं असं, की ज्यांनी हे केलं त्यांना पैसा एका शाळेच्या नावाने तुमच्या बँकेतून गेला, आणि तुम्हाला ते माहीत होतं. बँकेने आम्हाला त्या शाळेचं नाव कळवलं. मिलिंदने ते वाचलं, उठला, बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा शर्टाची कॉलर ओली होती.

जजसाहेबांनी पहिल्याच तारखेला त्या कुटुंबांना बजावलं. बँकेला माहीत 'असणारच' असं लिहून भागायचं नाही. कुणाला माहीत होतं, काय माहीत होतं, कसं माहीत होतं, ते नावानिशी लिहा. नाहीतर दावा सुनावणीआधीच काढून टाकतो. आणि ते लिहिता यावं म्हणून बँकेला हुकूम केला, की त्या खात्याविषयीची सगळी फोन रेकॉर्डिंग त्यांना द्या.

बँकेच्या वकिलांकडून आमच्याशी बोलायला अनुजा नावाची ज्युनिअर वकील आली. जन्म केंब्रिजचा, आईवडील मराठी. पोरगी गोड, पण मराठी व्याकरणाचा पार भुगा! पहिलंच वाक्य, "माझा आई पण सांगलीचा आहे!"

"माझी आई सांगलीची," मी म्हटलं.

"ओह, तुझा पण?"

पण कायदा तिने असा समजावला की मी तो जन्मात विसरणार नाही. म्हणाली, "माझा आजी सगळं 'म्हणे' लावून सांगतो. 'शेजारीण पळून गेली म्हणे.' कोर्टात 'म्हणे' नाही चालत. कोण पळाला, कोणाबरोबर पळाला, तुम्हाला कसा कळला, सगळा लिहायला लागतो. नाहीतर जज म्हणतो, जा घरी!"

मी हसले. मिलिंद हसला नाही. त्याने विचारलं, "आणि शंका? नुसती शंका आली होती, एवढं पुरतं का?"

अनुजाचं पेन थांबलं. "कोणाला आला होता?"

"नाही, असंच. जनरल विचारतोय."

* * *

नंतर एक दिवस अनुजा समोरच्या पार्टीने नव्याने लिहिलेला दावा घेऊन आली. त्यांनी आमच्या त्या रेकॉर्डिंगचं कुठल्याशा एजन्सीकडून भाषांतर करून घेतलं होतं. भाषांतर करणारा बहुधा हिंदीवाला असावा. आता ऐका, त्यात काय लिहिलं होतं!

'श्री. सप्रे यांनी महिला सहकाऱ्यास सांगितले की, हे पैसे शाळेला गेले नाहीत, माझ्या मते पाल चुकला, फार चुकला. त्यावर सदर महिला म्हणाली, कृष्णा, कृष्णा. यावरून बँकेतील पाल या कर्मचाऱ्याने हे पैसे चुकीने सोडले, आणि ते कृष्णा यांच्यासह इतरांना माहीत होते, हे उघड आहे.'

अगं बाई गं! मला असं हसू फुटलं की विचारू नका. पालीचा मिस्टर पाल झाला होता, आणि माझ्या देवावर दावा ठोकला होता! बँकेच्या एचआरने म्हणे कृष्णा नावाची माणसं शोधली, तर ती प्रत्येक मजल्यावर निघाली. कृष्णाचं काय, तो सर्वव्यापी! त्यामुळे त्याचा नाद सगळ्यांनी सोडला.

हसता हसता माझं मिलिंदकडे लक्ष गेलं. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"कल्याणी," तो म्हणाला, "आपल्याकडे पाल नावाचा माणूस आहे."

माझं हसू तिथल्या तिथे थिजलं. खरंच होता की! चेक सेक्शनमधले पालबाबू. कोलकात्याचे, रिटायरमेंटला आलेले. मला 'कोल्याणी' म्हणायचे. सरस्वतीपूजेला सगळ्या मजल्यांवर संदेश, ती बंगाली मिठाई, वाटायचे. परदेशी पेमेंटशी त्यांचा सुतराम संबंध नाही. आणि अख्ख्या बँकेत पाल आडनावाचे तेवढेच एक.

* * *

बँकेने पालबाबूंना त्याच आठवड्यात घरी बसवलं. 'हिअरिंग होईपर्यंत सुट्टीवर राहा.' मग त्यांच्या घरी पोलीस जाऊन आले. शेजाऱ्यांनी ते पाहिलं, आणि हाउन्सलोत शेजाऱ्यांनी पाहिलं म्हणजे देवळापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना कळलं.

अनुजाला मी पाल म्हणजे काय ते सांगितलं. ती पळत तिच्या साहेबाकडे गेली. साहेब म्हणजे बँकेचा मोठा वकील, कायम कोटाच्या खिशात पांढरा रुमाल. त्याने मिलिंदला आणि मला बोलावून घेतलं.

"सो इट इज अ लिझर्ड," तो म्हणाला.

"येस," आम्ही म्हटलं.

तो छान हसला. "वेल, इट इज नॉट अवर जॉब टू करेक्ट देअर झूऑलॉजी!"

त्याचा हिशेब सरळ होता. त्या कुटुंबांनी अख्खा दावा मिस्टर पालवर उभा केला होता. मिस्टर पालने ते खातं कधी बघितलंही नव्हतं. म्हणजे पाल पडला की दावा पडला, बँक सुटली. आम्ही खोटं बोलायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

मिलिंदने विचारलं, "आणि पालबाबू?"

"ही विल बी फाइन. आफ्टरवर्ड्स."

मग रुमालवाला पुढे वाकला आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाला, की मिस्टर सप्रे, तुम्ही उठून पालीची गोष्ट सांगितलीत, तर शंका आलेला माणूस तुम्ही ठराल. मग कोर्ट विचारेल, शंका आली तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलं? ग्रॅहमला? ग्रॅहम ही बँक सोडून गेलेत, आणि त्यांना असं काही आठवत नाही. मग उरतं काय? ज्याला शंका आली आणि ज्याने कुणालाच सांगितलं नाही, असा एक माणूस. त्याला कायदा काय करतो, हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंच असेल.

 बाहेर आल्यावर मी मिलिंदला म्हटलं, "मी पाहिलंय तुला ग्रॅहमच्या खोलीत. मी ऐकलंय. मी सांगेन." म्हटलं खरं, पण माझाच आवाज मला ओळखू येईना. माझंही परमिट त्याच बँकेचं होतं ना!

मिलिंद बस स्टॉपवर उभा राहून एकच बोलला. "तेव्हा नुसती शंका पुरत नव्हती, म्हणून पैसे सुटले. आता नुसती शंका पुरत नाही, म्हणून दावा पडणार. मग शंका आलेल्या माणसाने जायचं तरी कुठे?"

आमची बस आली आणि गेली, आम्ही दोघंही चढलो नाही.

* * *

आता पालबाबूंच्या घरचा किस्सा. रविवारी दुपारी मी आणि मिलिंद गेलो, तर भर दिवसा पडदे ओढलेले. त्यांच्या मिसेसनी साखळी लावूनच दार उघडलं, आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं, मग आत घेतलं.

पालबाबू सोफ्यावर बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, "कोल्याणी, व्हॉट मिस्टेक डिड आय मेक?"

सगळी नोकरी ते डोक्यात उलटीपालटी करत होते हो! कुठला चेक आपल्या हातून चुकला, कुठल्या सहीकडे नीट बघितलं नाही. एक चेक तर त्यांनी शोधूनही काढला होता, कुठल्या तरी लाँड्रीवाल्याचा, आणि त्यासाठी ते रोज देवासमोर माफी मागत होते. मला रडू आवरेना. काहीच न केलेला माणूस आपली चूक शोधत बसलाय, याच्याइतकं भयंकर मी काही बघितलेलं नाही.

मिलिंदने सांगितलं. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. पाल म्हणजे तुम्ही नाही. पाल म्हणजे लिझर्ड. छिपकली.

"टिकटिकी?" मिसेस पाल ओरडल्या.

पालबाबूंना समजायला जरा वेळ लागला. मग ते असे हसायला लागले, असे हसायला लागले, की त्यांना ठसका लागला. मिसेस त्यांच्या पाठीवर थोपटत हसतायत, आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी. "टिकटिकी! आय ॲम अ टिकटिकी!"

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "तुमच्याकडे टिकटिकी बोलली की काय करतात?"

मी दाखवलं. टेबलावर टकटक, कृष्ण कृष्ण.

"आमच्याकडे वेगळं," पालबाबू म्हणाले. "बंगालात टिकटिकी बोलली की आम्हीही बोट वाजवतो, पण म्हणतो, ठीक, ठीक, ठीक. तिच्या आधी जे कुणी बोललं असेल ना, ते खरं, असं ती सांगत असते. मिलिंद, ती बोलायच्या आधी तू काय बोलला होतास?"

मिलिंद खाली बघत म्हणाला, "हे पैसे शाळेला जात नाहीयेत."

 पालबाबूंनी टीपॉयवर हळूच तीनदा बोट वाजवलं. "ठीक. ठीक. ठीक."

निघताना त्यांनी मिलिंदचा हात धरला. "तू मला येऊन सांगितलंस, मला पुरे झालं. कोर्टात मी सांगेन, मी साधा चेकवाला आहे, मला काही ठाऊक नाही. ते खरंच आहे. तुझं बाळ लहान आहे. तू गप्प बस."

 एवढ्या मोठ्या मनाने कुणी सोडलं की माणूस जास्तच अडकतो.

* * *

आणि हा कोर्टातला. यावर आमच्या अड्ड्यावर कुणी काही बोलत नाही, नुसता सांगतो.

दावा काढून टाकायचा की ठेवायचा, याची सुनावणी होती. पालबाबूंना बोलावलं होतं, तो बिचारा चेकवाला कसा निरुपद्रवी आहे ते जजला दिसावं म्हणून. मिलिंदला आणि मला बोलावलं होतं, लागलोच तर असावेत म्हणून. त्या कोर्टाचे कॉरिडॉर म्हणजे, छत एवढं उंच की खाकरलं तरी आवाज घुमतो. आम्ही एका लांब लाकडी बाकावर रांगेने बसलेलो. पालबाबू सूट घालून आले होते, आणि मांडीवर बायकोने दिलेला डबा. 

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गोरी बाई बसली होती. साधा रेनकोट, मांडीवर पर्स. आम्ही कोण हे तिला माहीत नव्हतं. तिने पर्समधून पेपरमिंटची डबी काढली, एक तोंडात टाकली आणि डबी आमच्यापुढे धरली. मी एक घेतली. पालबाबूंनी घेतली, "थँक यू, थँक यू" म्हणाले. ती त्यांच्याकडे बघून हसली.

तेवढ्यात अनुजा आतून आली आणि हाक मारली, "मिस्टर पाल?"

पालबाबू डबा सावरत उठायला लागले. त्या बाईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. ती उठली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आता मला कळलं ती कोण. दाव्याच्या कागदात वाचलेली, त्या बाजारात जिची मुलगी गेली होती, ती आई.

"तुम्ही मिस्टर पाल?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू. "मी आरडाओरडा करणार नाहीये. मला फक्त एवढंच सांगा, ती चूक काय होती?"

 पालबाबूंनी डबा छातीशी घट्ट धरला. अनुजा धावत मध्ये आली, "मॅडम, प्लीज, यू कान्ट स्पीक टू हिम." ती बाई हलली नाही. तिची नजर पालबाबूंच्या चेहऱ्यावरून ढळली नाही. मला वाटलं, ती आता कोसळेल नाहीतर मारेल.

मिलिंद उठला.

"मॅडम," तो म्हणाला, "मिस्टर पाल यांनी काहीच केलेलं नाही. तो पाल माणूस नाहीये. पाल इज अ लिझर्ड."

बाईने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. तिचे ओठ पांढरे पडले.

मिलिंद बोलत राहिला. आमच्या भाषेत असं म्हणतात, मॅडम. काहीतरी वाईट चाललंय असं वाटतं, पण दाखवता काहीच येत नाही, तेव्हा म्हणतात, मनात पाल चुकचुकली. ती लहानसा आवाज करते. आणि त्याने जिभेने तो आवाज काढला. चुक, चुक, चुक. त्या उंच कॉरिडॉरमध्ये तो आवाज पार टोकापर्यंत गेला. लांब उभे असलेले वकील वळून बघायला लागले. आतल्या दारात रुमालवाला दिसला.

 बाईने विचारलं, "हूज लिझर्ड वॉज इट?"

"माइन," मिलिंद म्हणाला.

"ॲन्ड यू हर्ड इट?"

"मिलिंद, काहीही बोलू नकोस!" अनुजा ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून शुद्ध मराठी वाक्य निघालं.

मिलिंदने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग परत त्या बाईकडे.

"येस, मॅडम," तो म्हणाला. "आय हर्ड इट."

माझ्या शेजारी पालबाबू बाकावर खाली बसले, आणि त्यांनी लाकडावर हळूच तीनदा बोट वाजवलं.